परदेशी खाद्यमाल आयात करायचाय? परवान्याच्या आधी बरणीमागचं लेबल वाचा

माझ्या पहिल्या खेपेत तीन वस्तू होत्या. ऑलिव्ह तेल, वाळलेला पास्ता आणि मिठाच्या पाण्यातले ऑलिव्ह, सगळं इटलीहून. पुण्यात आमचं छोटं दुकान आहे आणि मधल्या घाऊक व्यापाऱ्याचा नफा वाचवून थेट माल आणावा एवढाच विचार होता. परवाना वेळेत मिळाला होता, पैसे गेले होते, जहाज न्हावा शेवाला लागलं होतं. तेल सुटलं, पास्ता सुटला. ऑलिव्हच्या ३६० बरण्या अडकल्या, आणि शेवटी त्या माझ्याच खर्चाने नष्ट कराव्या लागल्या. मालात काही खोट नव्हती. बरणीवर उत्पादनाची तारीख छापलेली नव्हती, एवढंच.

परवाना हा या कामातला सोपा भाग आहे, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. जो तो 'लायसन्स मिळालं का?' एवढंच विचारायचा. म्हणून मी ज्या क्रमाने केलं तो क्रम इथे देत नाही, ज्या क्रमाने करायला हवं होतं तो देतोय.

१. आधी वस्तू ठरवा, आणि ती कोणाकोणाच्या हद्दीत येते ते बघा

भारतात विक्रीसाठी येणाऱ्या प्रत्येक खाद्यपदार्थावर एफएसएसएआयचं, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचं लक्ष असतं. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आणि २०१७ चे आयात विनियम हे त्याचे मुख्य आधार. पण बऱ्याच वस्तूंना हे एकटं खातं पुरत नाही.

सुकामेवा, कच्ची धान्यं, डाळी, मसाले, ताजी फळं असं शेतातून फारशी प्रक्रिया न होता येणारं काहीही असेल तर प्लांट क्वारंटाइन, म्हणजे पिकांवरचे रोग-किडी देशात येऊ नयेत म्हणून होणारी तपासणी, आडवं येतं. त्यासाठी निर्यात करणाऱ्या देशाचं फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं आणि बऱ्याच मालाला तो निघण्यापूर्वीच आपल्याकडून आयात परवानगी घ्यावी लागते. दूध, मांस, मासे आणि त्यांचे पदार्थ असतील तर पशुसंवर्धन खात्याची सॅनिटरी परवानगी, तिकडच्या सरकारी यंत्रणेचं आरोग्य प्रमाणपत्र आणि ज्या कारखान्यात माल बनला त्याची एफएसएसएआयकडे नोंदणी असा वेगळाच डोंगर आहे. कारखान्याच्या नोंदणीची अट बालअन्न, अंड्याची भुकटी आणि न्यूट्रास्युटिकल्सनाही (पोषक पूरकांनाही) आहे. चीनमधून दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला तर २००८ पासून बंदीच आहे.

पहिल्या खेपेत चीज आणू नका, हे मी सगळ्यांना सांगतो. पेस्टोही नको. त्यात चीज असतं, आणि त्या चीजमधलं रेनेट (दूध फाडायला वापरतात तो घटक) वासराच्या जठरातलं की सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं, या प्रश्नाचं लेखी उत्तर कारखान्याकडून मिळेपर्यंत बाटलीवर हिरवा ठिपका लावायचा की नाही हेच ठरत नाही.

आणखी एक तपासा. तुमच्या पदार्थासाठी आपल्याकडे मानक ठरलेलं आहे का? त्यातली सगळी अ‍ॅडिटिव्ह्ज त्या खाद्यवर्गात चालतात का? युरोपात किंवा अमेरिकेत दुकानात मिळतं म्हणजे इथे चालेल असं नसतं. पोटॅशियम ब्रोमेट आपण २०१६ मध्ये बंद केलं, पण अमेरिकेतल्या काही पिठांत आणि ब्रेडमध्ये ते अजून सापडतं. एखादा घटक आपल्या मानकांत कुठेच नसेल तर तो 'नॉन-स्पेसिफाइड फूड' ठरतो आणि त्याला वेगळी पूर्वमंजुरी लागते. नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये.

कारखान्याकडून घटकांची पूर्ण यादी टक्केवारीसह मागवा. ती द्यायला खळखळ करणाऱ्या पुरवठादाराला तिथेच नमस्कार करा, कारण पुढे बंदरावर त्याच्याकडून रात्रीत कागद मागवायची वेळ येते.

२. आयईसी घ्या, आणि त्यावरचा पत्ता जपून लिहा

आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड. तो डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर मिळतो. शुल्क ५०० रुपये, काम घरबसल्या होतं, आणि पॅन क्रमांक हाच कोड असतो. व्यवसायाचं चालू खातं आणि जीएसटी नोंदणी आधी करून ठेवा.

दोन गोष्टींकडे मात्र लक्ष द्या. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात आयईसी अद्ययावत करावा लागतो. काही बदललं नसलं तरी पोर्टलवर जाऊन 'बदल नाही' असं नोंदवावं लागतं. विसरलात तर कोड निष्क्रिय होतो, आणि हे बहुतेकांना माल बंदरात आल्यावरच कळतं.

दुसरी गोष्ट पत्त्याची. एफएसएसएआयचा आयात परवाना आयईसीवरच्या पत्त्यावर घ्यायचा असतो. माझ्या आयईसीवर जुन्या भाड्याच्या गाळ्याचा पत्ता होता आणि वीजबिल नव्या जागेचं. शंका आली, अर्ज परत आला, मग आधी आयईसी दुरुस्त करून पुन्हा सुरुवात केली. तीन आठवडे त्यातच गेले. पॅन, जीएसटी, आयईसी, भाडेकरार आणि बँक या सगळीकडे नाव आणि पत्ता अक्षरशः सारखा हवा. 'गाळा क्र. ४' आणि 'शॉप नं. ४' ही संगणकाला दोन वेगळी दुकानं वाटतात.

३. एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते 'माझी उलाढाल छोटी, मला साधी नोंदणी पुरेल' या समजुतीने. किंवा दुकानाचा राज्याचा परवाना आहेच, त्यावर भागेल, या समजुतीने. आयातदाराला उलाढाल कितीही असो, केंद्रीय परवानाच लागतो. दुकानाचा परवाना वेगळा, आयातीचा वेगळा. माल ठेवायचं गोदाम दुसऱ्या पत्त्यावर असेल तर त्या जागेचाही वेगळा.

अर्ज एफएसएसएआयच्या फॉस्कॉस या परवाना पोर्टलवर करायचा. व्यवसायाचा प्रकार 'आयातदार' निवडायचा. मी घेतला तेव्हा शुल्क वर्षाला ७,५०० रुपये होतं. सोबत लागलेले कागद असे:

- आयईसीची प्रत
- जागेचा पुरावा: स्वतःची असेल तर मालकीचे कागद, भाड्याची असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि वीजबिल
- मालक, भागीदार किंवा संचालकांची यादी, पत्ते आणि फोटो ओळखपत्र
- नामनिर्देशनाचा फॉर्म ९, म्हणजे अन्न सुरक्षेची जबाबदारी कोणावर ते सांगणारा कागद, आणि कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव
- आणणार त्या खाद्यवर्गांची यादी
- अन्न सुरक्षा व्यवस्थेचं घोषणापत्र आणि माल परत बोलवावा लागला तर काय कराल त्याची योजना

खाद्यवर्ग निवडताना हात आखडू नका, पण सगळ्यांवर खुणाही करत सुटू नका. तेल 'स्निग्ध पदार्थ' या वर्गात, ऑलिव्ह 'फळं-भाज्या' या वर्गात आणि पास्ता 'धान्यपदार्थ' या वर्गात येतो. परवान्यावर जो वर्ग नाही तो माल बंदरात सोडवता येत नाही. पुढच्या वर्षी चॉकलेट आणायचं ठरलं तर परवान्यात फेरफार करून घ्यावा लागेल, आणि तो जहाज निघण्याच्या आधी.

अर्जावर शंका आली तर ३० दिवसांच्या आत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर अर्ज बाद होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एसएमएस आणि ईमेलवर विसंबू नका. दर दोन दिवसांनी पोर्टल उघडून बघा. आणि अर्जात एजंटचा मोबाइल नंबर टाकू नका, स्वतःचाच टाका. एजंट बदलला तर ओटीपी त्याच्याकडे जात राहतात आणि मग आपल्याच परवान्यासाठी त्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात.

शेवटी १४ आकडी परवाना क्रमांक मिळतो. लेबलवर तोच छापायचा असल्यामुळे परवाना मिळेपर्यंत लेबल पक्कं होत नाही, आणि लेबल पक्कं झाल्याशिवाय ऑर्डर द्यायची नाही. या क्रमाला फाटा देऊ नका.

४. लेबल

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण पैसे इथेच बुडतात.

बंदरावर गेल्यावर बॉन्डेड (कस्टम्सच्या ताब्यातल्या) गोदामात स्टिकर लावून काही गोष्टी दुरुस्त करता येतात: आयातदाराचं नाव आणि पत्ता, एफएसएसएआयचं चिन्ह आणि परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह. बस, जवळजवळ एवढंच. स्टिकर सहज न निघणारा हवा, आणि त्याखाली मूळ छापील मजकूर झाकला जाता कामा नये.

जे स्टिकरने दुरुस्त होत नाही ते मूळ लेबलवरच छापून यावं लागतं. घटक, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख.

युरोपातल्या मालाची गोची इथे होते. तिथल्या कायद्यात उत्पादनाची तारीख छापणं बंधनकारक नाही. बहुतेक बरण्यांवर फक्त 'अमुक तारखेपूर्वी वापरल्यास उत्तम' एवढंच असतं, आणि तेही पुष्कळदा इटालियन किंवा स्पॅनिशमध्ये. आपल्याकडे उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' अशी दोन्ही हवीत. नुसतं 'बेस्ट बिफोर' चालत नाही. माझ्या ऑलिव्हच्या बरण्या इथेच गेल्या. तेलाच्या बाटलीवर दोन्ही तारखा होत्या, कारण तो कारखाना आधीपासून भारतात माल पाठवत होता. यावरून एक युक्ती शिकलो: जो उत्पादक भारतात आधीच माल पाठवतो त्याच्याकडे भारताचं लेबल तयार असतं. पहिल्या खेपेसाठी असाच उत्पादक शोधा, दर थोडा जास्त असला तरी.

पोषणमूल्यांचा तक्ताही जुळत नाही. युरोपीय तक्त्यात 'मीठ' लिहितात, आपल्याला 'सोडियम' लागतं. आपल्याकडे वरून घातलेली साखर आणि ट्रान्स फॅट वेगळे दाखवायचे असतात, ते त्यांच्या तक्त्यात नसतात. शिवाय एका वेळच्या वाढपातून दिवसाच्या गरजेचे किती टक्के मिळतात, तेही छापायचं. हे सगळं २०२० च्या लेबलिंग विनियमांत दिलेलं आहे. तो दस्तऐवज इंग्रजीत आहे आणि कंटाळवाणा आहे, तरी एकदा स्वतः वाचाच. एजंटने वाचलाय यावर भिस्त ठेवू नका.

लेबलची भाषा इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी. मराठी छापायला मनाई नाही, पण या दोहोंपैकी एकीच्या जोडीला. नुसत्या मराठीवर भागत नाही, याचं मला वाईट वाटलं, पण नियम तसा आहे.

शाकाहाराचं चिन्ह म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा गोल. मांसाहाराचं चिन्ह मात्र आता तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण आहे, पूर्वीचा गोल नाही. कितीतरी परदेशी छापखान्यांकडे अजून जुनंच चित्र आहे.

प्रत्यक्षात करायचं एवढंच, की लेबलची छापण्याआधीची प्रत मागवा, ती विनियमांशी ओळ न् ओळ ताडून बघा आणि मग छापायला सांगा. नंतर छापून आलेल्या एका खऱ्या बरणीचा चारही बाजूंनी काढलेला फोटो मागवा. मी ही दुसरी पायरी गाळली होती.

५. मुदतीचं गणित

'६० टक्के मुदत शिल्लक हवी' असं बाजारात सगळे सांगतात. ते अर्धं खरं आहे. नियम असा, की कस्टम्समधून सुटताना मालाची ६० टक्के मुदत किंवा मुदत संपायला ३ महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढं शिल्लक हवं.

उदाहरण घ्या. पास्त्याची मुदत ३ वर्षं. त्याचे ६० टक्के म्हणजे जवळजवळ २२ महिने. पण ३ महिने त्याहून कमी, म्हणून ३ महिने शिल्लक असले तरी कायद्याला चालतं. उलट ज्या वस्तूची एकूण मुदत ४ महिने, तिचे ६० टक्के म्हणजे साधारण ७२ दिवस, आणि तेवढे शिल्लक हवेत. एकूण मुदत ५ महिन्यांहून कमी असेल तेव्हाच टक्केवारी लागू पडते. हे न कळल्यामुळे लोक चांगला माल नाकारतात किंवा पुरवठादाराशी उगाच भांडतात.

तरी कायद्याला चालतं ते दुकानाला चालेलच असं नाही. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली आणि प्रवास आठवड्या-दोन आठवड्यांनी लांबला. करारात 'माल निघताना किमान इतके महिने शिल्लक' असं स्पष्ट लिहून घ्या.

६. पैसे पाठवताना

आगाऊ रक्कम पाठवली की बँक ती आरबीआयच्या आयात देखरेख प्रणालीत नोंदवते. नंतर माल आल्याची बिल ऑफ एंट्री (माल सोडवण्यासाठी कस्टम्सकडे भरायचं आयातपत्र) त्या रकमेशी जुळवून नोंद बंद करावी लागते. ती जुळवली नाही तर पुढच्या खेपेचे पैसे पाठवताना बँक अडून बसते. बिलावरची आणि पाठवलेली रक्कम सारखी ठेवा, सवलती नंतर तोंडी ठरवू नका.

पुरवठादाराला आणखी एक बजावा: लाकडी पॅलेटवर उष्णता प्रक्रियेचा आयपीपीसी शिक्का (लाकडात कीड नसल्याची आंतरराष्ट्रीय खूण) हवा. माल निर्दोष आणि पॅलेट सदोष म्हणून अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

७. जहाज लागण्याआधी

सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम करणारा दलाल, निवडताना 'खाद्यमालाचं काम किती करता?' हे विचारा. यंत्रसामग्री सोडवणारा उत्तम सीएचए खाद्यमालात चाचपडतो. आणि ज्या बंदरातून आणताय ते खाद्यमालासाठी अधिसूचित आहे ना, तेही बघा. न्हावा शेवा, मुंबई बंदर आणि सहार विमानतळ आहेत.

बिल ऑफ एंट्री जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते. उशीर झाला तर पहिले ३ दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये दंड. सीएचएला आठवडाभर आधी द्यायचे कागद:

- इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल घेतल्याची पावती)
- प्रत्येक बॅचचा प्रयोगशाळा अहवाल
- घटकांची यादी आणि लेबलचा नमुना
- मूळ देशाचं प्रमाणपत्र
- माल कशासाठी वापरणार त्याचं घोषणापत्र
- मका, सोयाबीनसारख्या ठरावीक २४ पिकांपैकी काही असेल तर जनुकीय बदल नसल्याचं प्रमाणपत्र
- परवाना, आयईसी आणि वस्तूनुसार लागणारी इतर प्रमाणपत्रं

बॅच क्रमांक अहवालात एक आणि बरणीवर दुसरा, असं फार होतं. कारखाना जुन्या बॅचचा अहवाल चिकटवून देतो. स्वतः ताडून बघा.

८. नमुने, तपासणी आणि धावणारं मीटर

कस्टम्सच्या प्रणालीतून अर्ज एफएसएसएआयकडे जातो. अधिकारी आधी कागद बघतात, मग निवड झाली असेल तर प्रत्यक्ष माल, आणि गरज वाटल्यास नमुने घेतात. नमुन्याचे दोन भाग होतात. एक अधिसूचित प्रयोगशाळेत जातो, दुसरा वादासाठी राखून ठेवतात. प्रयोगशाळेचं शुल्क आपण भरायचं.

नमुना प्रत्येक वस्तूचा, प्रत्येक बॅचचा वेगळा. हौसेने बारा प्रकारचे पास्ते आणले तर बारा नमुने, बारा शुल्कं आणि तेवढी पाकिटं गेली. पहिल्यांदा दोन-तीनच वस्तू आणा, आणि एका वस्तूची एकच बॅच पाठवायला सांगा.

या काळात सीएफएसचं (बंदराजवळच्या कंटेनर ठेवायच्या जागेचं) भाडं आणि जहाज कंपनीचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार, दोन्ही चालू असतं. सुरुवातीचे मोफत दिवस किती, ते बुकिंगच्या वेळीच वाढवून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही. अहवाल लांबणार असं दिसलं तर कस्टम्स कायद्याच्या कलम ४९ खाली माल सार्वजनिक गोदामात हलवायची परवानगी मागता येते. त्यामुळे कंटेनर मोकळा होतो आणि निदान डिटेन्शन थांबतं.

अहवाल चांगला आला की ना हरकत प्रमाणपत्र ऑनलाइन कस्टम्सला जातं, शुल्क भरायचं, माल बाहेर. वाईट आला तर दुसरा नमुना रेफरल (फेरतपासणीच्या) प्रयोगशाळेकडे पाठवण्यासाठी अर्ज करता येतो. त्याची मुदत अगदी थोड्या दिवसांची असते, म्हणून नकार हाती पडला त्याच दिवशी ठरवा. माझ्यासारखी लेबलची चूक असेल तर मात्र फेरतपासणीने काही साधत नाही. माल परत पाठवा किंवा नष्ट करा. ३६० बरण्या परत पाठवण्याचं भाडं बरण्यांच्या किमतीहून जास्त होतं.

९. माल दुकानात आल्यावरही

वेष्टनातला माल म्हणून वैधमापन शास्त्राचे नियम लागतात: कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन, मूळ देश, ग्राहक तक्रारीचा फोन-ईमेल. हा स्टिकरही माल सुटण्याआधीच लावून घ्यायचा असतो. आयात सुरू केल्यापासून ९० दिवसांत आयातदार म्हणून वैधमापन खात्याकडे नोंदणी करा.

दुबईहून भाऊ येताना बॅगेत चॉकलेट आणतो, ते दुकानात ठेवलं तर काय बिघडलं, असं मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं. स्वतः खायला आणलेल्या मालाला परवाना लागत नाही. तोच विकायला ठेवला की ती विनापरवाना आयात. प्रदर्शनासाठी किंवा चाचणीसाठी नमुने आणायची वेगळी सोय आहे, पण तेही विकायचे नाहीत.

आणि कॅलेंडरवर ३१ मे लिहून ठेवा. आयातदाराला दरवर्षी त्या तारखेपर्यंत फॉस्कॉसवर डी-१ हे वार्षिक विवरणपत्र भरावं लागतं. उशिराला दिवसाला १०० रुपये. ज्या वर्षी एकही खेप आणली नाही, त्या वर्षीही शून्य भरून टाका.